जुन्या सेसनाच्या पॅनलवरचे दिवे कंपनीचे की नंतरचे, हे कसं ओळखायचं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. आपल्या नागपुरात वर्धा रोडकडच्या एका शेडमध्ये १९६३ चं सेसना १७२डी हे छोटं विमान उभं आहे, बरीच वर्षं उडालेलं नाही, आणि आता ते कारखान्यातून निघालं तेव्हा जसं होतं तसं करायचं चाललंय. पॅनलवर दोन प्रकारचे दिवे आहेत. एक डोक्यावर छताला, लाल काचेचा, आणि दुसरे प्रत्येक इन्स्ट्रुमेंटच्या कडेला बोटाच्या पेराएवढे छोटे, ज्यांना आपण पोस्ट लाइट म्हणतो, ते बारा. एक जण म्हणतो सगळं कंपनीचं आहे, हात लावू नका, दुसरा म्हणतो छोटे दिवे नंतरचे आहेत, उपटून टाका. आणि विचारणाऱ्यानं जाता जाता एक गोष्ट लिहिली की लाइटचा नॉब चालू ठेवला की दहा मिनिटांत गरम होतो. माझ्या मते पूर्ण प्रश्नात सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, पण तिच्याकडे नंतर येतो.

माझा अंदाज असा आहे की वरचा लाल दिवा मूळचा आणि पोस्ट लाइट नंतरचे. पण हा अंदाज आहे, फोटोवरून केलेला, आणि अंदाजावर पकड चालवायची नसते. एकदा वायर कापली, क्लॅम्प काढला, की पुरावा गेला, मग कोणी कितीही मोठा इंजिनिअर आणा तो पण अंदाजच करणार. म्हणून काहीही काढायच्या आधी वाचायचं. मी तीसेक वर्षं लहान विमानांच्या पॅनलमागे मान वाकडी करून काढली आहेत आणि सगळ्यात जास्त हळहळ कशाची वाटते तर लोकांनी उत्साहात "साफ" केलेल्या पॅनलची.

तर पहिले हे ठरवा की ओरिजिनल म्हणजे तुम्हाला काय म्हणायचं आहे, कारण भांडणारे दोघं बहुतेक वेगवेगळ्या गोष्टीबद्दल बोलून राहिले आहेत. एक अर्थ, याच सिरियल नंबरच्या विमानात सेसनाच्या अमेरिकेतल्या विचिटाच्या कारखान्यातच ते बसवलं होतं. दुसरा अर्थ, त्या मॉडेलला कंपनीकडून ते ऑप्शन म्हणून मिळत होतं पण या विमानात होतंच असं नाही. तिसरा अर्थ, त्या काळात लोक असंच बसवायचे, म्हणजे काळाला धरून आहे पण कंपनीचं नाही. तिन्हीला लोक ओरिजिनल म्हणतात. तुम्हाला पहिला अर्थ पाहिजे असेल तर पुरावा सगळ्यात कडक लागतो, आणि १९६१ पासून सेसनानं साधं १७२ आणि वरच्या दर्जाचं स्कायहॉक अशी दोन रूपं विकली, त्यामुळे "त्या वर्षीच्या दुसऱ्या विमानात होतं बघा" हा पुरावा नाही, फक्त शक्यता आहे.

आता मुख्य गोष्ट. दिव्याकडे बघू नका. म्हणजे बघा, पण शेवटी. बल्ब, काच, लाल टोपी, होल्डर हे सगळं बदलण्यासाठीच असतं, साठ वर्षांत दहा वेळा बदललं असेल. ज्या वस्तू बदलायची कोणाला गरजच पडत नाही त्या बघा. भोक, भोकाच्या आतला रंग, वायरचा पॅनलमागचा लांबचा तुकडा, तिला धरणारा क्लॅम्प, फ्यूजच्या मागची पट्टी, ऱ्हिओस्टॅटची म्हणजे दिवा मंद करणाऱ्या नॉबमागच्या पार्टची बॉडी. दिवा नवीन आणि वायर जुनी असेल तर जागा मूळची. दिवा जुना आणि वायर नवीन असेल तर कोणीतरी जुना दिवा आणून लावला, किंवा वायरिंग बदललं, आणि हे दोन्हीतलं कोणतं ते शोधायचं.

वायरपासून सुरू करा. बॅटरी आधी काढा, मास्टर स्विच ऑफ एवढ्यावर भागवू नका. चांगला टॉर्च आणि छोटा आरसा घ्या आणि एका दिव्यापासून वायर पकडून शेवटपर्यंत जा, बोटानं, डोळ्यानं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या विमानांत कापडी विणीची, वरून लाखेसारखं वार्निश दिलेली वायर सापडते. त्यानंतर पीव्हीसीचा जमाना, ज्याचं मिलिटरी स्पेसिफिकेशन मिल-डब्ल्यू-५०८६, आत पीव्हीसी आणि वर नायलॉनचं पातळ कवच. तुमच्या काळाला ही बसते. आणि त्यानंतरची टेफझेल नावाच्या प्लास्टिकचं कवच असलेली, वायरवर बारीक अक्षरात एम२२७५९/१६ आणि पुढे गेजचा आकडा असं छापलेलं दिसतं. ही वायर १९६३ च्या कारखान्यात नव्हती, त्यामुळे पोस्ट लाइटला हीच वायर निघाली तर निदान वायरिंग तरी नंतरचं, यात शंका नाही.

इथे आपल्या गावाची एक अडचण आहे ती सांगतो. बाहेरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की वायर पिवळी पडली, कडक झाली, वाकवली की तडकते, म्हणजे जुनी. नागपुरात हे धरू नका. मे महिन्यात बाहेर ४५-४६ असतं तेव्हा टिनाच्या शेडमध्ये उभ्या विमानाच्या काचेमागे काय तापत असेल विचार करा, भट्टीच असते ती. पीव्हीसीतला मऊपणा देणारा पदार्थ उडून जातो आणि वीस वर्षांची वायर पन्नासची दिसते. मी स्वतः एकदा फसलो आहे, रंगावरून एक जुडगा मूळचा आहे म्हणून सांगितलं आणि मग फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटच्या मधल्या पत्र्याजवळ, जिथे ऊन पोचत नाही तिथला त्याच वायरचा तुकडा बघितला तर लख्ख, छापील अक्षरं वाचता येत होती आणि ती वायर विमानापेक्षा बरीच नवीन निघाली. तेव्हापासून वायर नेहमी सावलीतल्या टोकाला बघतो. तुम्ही पण तसंच करा. उंदीर आणि खारी यांनी कुरतडलेले तुकडे कुठे जोडले आहेत तेही बघा, शेडमध्ये उभ्या विमानात ते हमखास असतं आणि जोड दिसला की लोक उगाच "नंतरचं काम" म्हणतात, जोड दुरुस्तीचा असू शकतो, सर्किट मूळचंच असतं.

वायरवर शिक्का असेल तर सोन्याहून पिवळं. लाइटिंगच्या सर्किटचा कोड एल अक्षरानं सुरू होतो, सेसनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या वायरिंग डायग्राममध्ये हे कोड दिलेले असतात. वायरवर एल पासून सुरू होणारा नंबर आहे आणि तो डायग्रामशी जुळतो तर तुमचं अर्धं काम झालं. वायर कोरी आहे, एकच लांब रंगीत वायर सगळ्या दिव्यांना माळेसारखी फिरवली आहे, तर ते बाहेरचं काम. अर्थात छापलेलं पुसूनही जातं, म्हणून कोरी वायर हा एकटा पुरावा नाही.

जुडगा कशानं बांधला आहे तेही बघा. आज आपण ज्याला झिप टाय म्हणतो ती नायलॉनची पट्टी थॉमस अँड बेट्स कंपनीनं १९५८ मध्ये टाय-रॅप नावानं आणली, आणि गंमत म्हणजे ती कल्पना विमानाच्या कारखान्यात कामगार वायरचे जुडगे मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधताना बघूनच सुचली होती. तर १९४६-४७ च्या विमानात जुडग्याला नायलॉनची पट्टी दिसली की तो जुडगा कधीतरी उघडला गेला, सरळ हिशोब. तुमच्या १९६३ च्या विमानाला हा हिशोब तितका कडक लागत नाही, पण एकाच जुडग्यात मेणाचा दोरा पण आहे आणि वरून पट्टी पण, तर पट्टीखालची वायर नंतर घुसवली आहे का ते बघा. दोऱ्याच्या गाठीच्या आतून जाणारी वायर जुनी, गाठीच्या बाहेरून जाऊन पट्टीनं चिकटवलेली वायर नवीन. मला हे ज्यांनी शिकवलं ते सोनेगावच्या विमानतळावर रात्रीच्या डाकेच्या डाकोटा विमानांवर काम करत मोठे झालेले होते. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारही दिशांची विमानं मध्यरात्री आपल्या नागपूरला उतरायची, डाकेच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत परत उडायची. ते सांगायचे की रात्री काम करणाऱ्याला पॅनलचा दिवा म्हणजे काय ते कळतं, दिवसा उडणाऱ्याला ती शोभा वाटते. गाठ बघायची सवय त्यांचीच.

आता तुमचा गरम होणारा नॉब. त्या काळी दिवा मंद करायला ऱ्हिओस्टॅट असायचा, तारेची गुंडाळी आणि तिच्यावरून सरकणारा काटा, जास्तीची वीज तिथेच उष्णता होऊन जाते. थोडा कोमट होणार हे त्याच्या स्वभावातच आहे. पण तो जेवढ्या दिव्यांसाठी दिला तेवढ्यांसाठीच. १४ व्होल्टच्या पोस्ट लाइटमध्ये बहुतेक ३३० नंबरचा बल्ब असतो, तो ०.०८ अँपिअर घेतो. तुमचे बारा म्हणजे ०.९६, धरा एक अँपिअर. कोणीतरी वरच्या लाल दिव्याच्याच ऱ्हिओस्टॅटला हे बारा जोडून दिले असतील तर त्याच्यातून जाणारा करंट एकदम एवढा वाढला, तो तापणारच. आणि अशा वेळी अजून एक लक्षण दिसतं, नॉब जरासा फिरवला की दिवे एकदम पडतात आणि पुढच्या सगळ्या फिरवण्यात काही फरकच पडत नाही. तसं होतं का ते बघून कळवा. कंपनीनं स्वतः पोस्ट लाइट दिले असते तर त्या लोडचा ऱ्हिओस्टॅट दिला असता. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की तापणं हीच कामाची गोष्ट.

मात्र हे तपासताना दिवे तसेच चालू ठेवून बसू नका. साठ वर्षांच्या पीव्हीसीजवळ तापणारी वस्तू आहे, बाजूला फायर एक्स्टिंग्विशर ठेवा, दोन मिनिटं बघा आणि बंद करा.

उलटंही होतं, आजकाल जास्तच. कोणीतरी बल्बच्या जागी एलईडी टाकतो, एलईडी इतका कमी करंट घेतो की जुना ऱ्हिओस्टॅट त्याला मंदच करू शकत नाही, दिवा एक तर पूर्ण किंवा एकदम बंद. पांढरा एलईडी बाजारात आला तोच १९९६ च्या सुमारास, त्यामुळे तिथे वयाचा वाद नाहीच.

ऱ्हिओस्टॅट बाहेर काढला की त्याच्या बॉडीवर, मागच्या बाजूला आकडे असतात का बघा. अमेरिकन इलेक्ट्रॉनिक पार्टवर पूर्वी एक कोड मारायचे, पहिले तीन आकडे कंपनीचे, मग वर्ष, मग आठवडा. उदाहरणार्थ १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, आणि १३७६३१८ असं असेल तर १९६३ चा अठरावा आठवडा. काही वेळा एकूण सहाच आकडे असतात, तेव्हा वर्षाचा फक्त शेवटचा आकडा दिलेला असतो, १३७३१८ म्हणजे ५३ पण असू शकतं आणि ६३ पण, तिथे दशक तुम्हाला डोक्यानं ठरवावं लागतं. प्रत्येक पार्टवर कोड असेलच असं नाही. आणि हा पुरावा एकाच बाजूनं चालतो हे लक्षात घ्या. पार्टची तारीख विमानाच्या तारखेनंतरची असेल तर तो पार्ट कारखान्यात बसलेला असूच शकत नाही, विषय संपला. पण तारीख आधीची असेल तर सिद्ध काहीच झालं नाही, कारण जुना पार्ट दुसऱ्या विमानातून काढून १९८० साली पण लावता येतो. लोक नेमकं इथेच चुकतात, जुनी तारीख दिसली की खूश होतात.

बल्बचं पण एक सांगून ठेवतो. पोस्ट लाइट काढून आतला बल्ब बघा. ३२७ निघाला तर तो २८ व्होल्टचा आहे. सेसनानं १७२ मध्ये २८ व्होल्टची सिस्टीम १९७८ च्या मॉडेलपासून आणली, त्याआधीची सगळी १४ व्होल्टची. १४ वर ३२७ लावला की तो पेटतो पण निखाऱ्यासारखा लालसर मंद, आणि लोक त्यालाच "जुन्या काळचा सुंदर प्रकाश" समजतात. असं निघालं तर शक्यता ही की पूर्ण दिव्यांचा सेटच नंतरच्या एखाद्या विमानातून आलेला आहे. नुसता बल्ब चुकीचा आणला असंही होऊ शकतं, म्हणून बाराही बघा, एखाददुसरा असेल तर चूक, सगळे असतील तर सेट.

मग वीज कुठून घेतली ते. सेसनानं १७२ मध्ये फ्यूजच्या जागी सर्किट ब्रेकर आणले ते १९६४ च्या १७२ई मध्ये, आणि त्याच वर्षी पॅनलची मांडणी पण बदलली. तुमचं १७२डी एक वर्ष आधीचं, म्हणजे काचेचे फ्यूज. पोस्ट लाइटची वायर जर कोपऱ्यात वेगळ्या लावलेल्या एखाद्या ब्रेकरकडे जाऊन राहिली असेल तर ते काम विमान कारखान्यातून निघाल्यावरचंच. आणि वायर सरळ लाइटच्याच फ्यूजच्या मागच्या टर्मिनलवर दुसरा लग, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी, टाकून दिली असेल, तर लग मोजा, एका स्क्रूखाली किती लग आहेत, आणि सगळे एकाच जातीचे आहेत का. कारखान्यातले एका हाताचे, एका मशीनचे वाटतात, दाब सारखा असतो. पकडीनं दाबलेला लग लगेच ओळखू येतो.

भोकाचा पुरावा मला सगळ्यात आवडतो, पण पोस्ट लाइटच्या बाबतीत तो थोडा फसवा आहे. नियम सोपा आहे, कारखान्यात आधी पत्र्याला भोकं पाडतात, कडा साफ करतात, मग रंग देतात, त्यामुळे रंग भोकाच्या आतल्या कडेवर चढलेला असतो. नंतर पाडलेल्या भोकाच्या आत चकचकीत उघडं ॲल्युमिनियम दिसतं, कडेला रंगाचे टवके उडालेले असतात आणि कधी कधी पत्र्यामागे ड्रिलचा बुरादा अजून पडलेला असतो. पण काही पोस्ट लाइट असे येतात की त्यांना वेगळं भोक लागतच नाही, इन्स्ट्रुमेंट धरणाऱ्या चार स्क्रूपैकी एक काढून त्याच जागी दिवा बसतो. तुमच्या फोटोत मला हाच प्रकार वाटून राहिला आहे, कारण दिवे अगदी कोपऱ्यातल्या स्क्रूच्या जागी आहेत. तसं असेल तर भोक मूळचंच दिसणार आणि त्यावरून दिवा मूळचा म्हणणं चूक. मग दुसरीकडे बघायचं, प्लास्टिकचं पॅनल कव्हर हळूच सोडवा आणि त्याच्या मागच्या बाजूला दिव्याच्या बुडाचा गोल ठसा किती जुना आहे, कव्हरचं भोक दिव्यासाठी कापून मोठं केलं आहे का, ते बघा. उन्हात वाळलेलं ते प्लास्टिक पापडासारखं तुटतं, त्यामुळे हे काम थंडीत सकाळीही नको, दुपारी थोडं ऊबदार झाल्यावर करा आणि ओढू नका.

स्क्रू हातात आले की चुंबक लावून बघा. इन्स्ट्रुमेंटचे स्क्रू पितळी असतात, कंपासवर परिणाम नको म्हणून. लोखंडी स्क्रू सापडले तर पॅनल कोणीतरी घाईत उघडून बंद केलं आहे. आणि कंपासचा दिवा विसरू नका. त्याला जाणाऱ्या दोन वायर एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असाव्या लागतात, म्हणजे दोघींचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना मारतं. एकच वायर नेऊन बॉडीवर अर्थ दिली असेल तर दिवा लावल्याबरोबर कंपासची कार्ड, म्हणजे आतली आकड्यांची चकती, हलते. लावून बघा. हलली तर ते वायरिंग ज्याला कळत नव्हतं त्यानं केलं आहे.

आता लाल रंगाचं. पुष्कळ लोक म्हणतात लाल म्हणजे जुनं, पांढरं म्हणजे नवीन. यात तथ्य आहे पण अर्धं. डोळ्यात अंधारात बघणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांना गडद लाल उजेड जवळपास दिसतच नाही, त्यामुळे लाल उजेडात पॅनल वाचून बाहेर बघितलं तर डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही, आणि ती सवय एकदा मोडली की परत पूर्ण यायला अर्धा तास लागतो. दुसऱ्या महायुद्धात यावर खूप काम झालं आणि तिथून लाल दिवा नागरी विमानांत स्थिरावला. त्याचा तोटा पायलटला लगेच कळायचा, नकाशावरच्या लाल रेषा लाल उजेडात गायब होतात. म्हणून पुढे मंद पांढऱ्याकडे लोक वळले. त्या काळच्या लहान सेसनात डोक्यावरून पॅनलवर पडणारा लाल फ्लड लाइट ही नेहमीचीच व्यवस्था, म्हणून तुमच्या वरच्या दिव्याबद्दल मला फारशी शंका नाही. सत्तरच्या दशकातल्या १७२ मध्ये तर छताच्या कन्सोलवर एक सरकता स्विच पण असायचा, पोस्ट, फ्लड किंवा दोन्ही असं निवडायला, तो ज्यात पोस्ट लाइट ऑप्शन घेतलं होतं त्यात. तुमच्या छतावर असा स्विच नंतर कापून बसवला आहे का तेवढं बघा. लाल काच किंवा टोपी मात्र दोन रुपयांची वस्तू, तिच्या रंगावरून काही ठरवू नका.

याच्याशी जोडून एक गंभीर गोष्ट. तुमच्या १९६३ च्या सेसनाला कदाचित लागू नसेल, पण पन्नास-साठ वर्षांत इन्स्ट्रुमेंट बदलताना मिलिटरी सरप्लसचं काहीतरी बसलं असण्याची शक्यता असते, आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे त्याहून जुनं विमान असेल. महायुद्धाच्या काळातल्या डायलवर आकडे आणि काटे रेडियमच्या रंगानं रंगवलेले असायचे, स्वतःच चमकायचे. आज ते चमकत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं संपलं. संपलेलं नसतं. चमकायची ती झिंक सल्फाइडची भुकटी मार खाऊन थकते, रेडियम तसंच असतं, ते निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. आकडे तपकिरी-पिवळट, जाडसर, थोडे भाजल्यासारखे दिसले तर संशय धरा आणि गायगर काउंटर मिळवून तपासा. काच उघडायची नाही, खरवडायचं नाही, फुंकर मारायची नाही, ती भुकटी श्वासात जाणं हाच खरा धोका. ब्रिटिश इन्स्ट्रुमेंटवर ६ए/ नं सुरू होणारा नंबर आणि मुकुटाखाली एएम असं दिसलं तर ते हवाई दलाच्या स्टोअरचं आहे, तिथे हमखास तपासा. आपल्याकडे अशा वस्तूंबद्दल एईआरबीचे म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत, कबाड्याला तर अजिबात देऊ नका. मी तरुण असताना एका ठिकाणी जुने डायल पोरं ब्लेडनं साफ करताना बघितले आहेत आणि तेव्हा आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आजही ते आठवलं की जीव कासावीस होतो.

आणि ज्यांच्याकडे याहून साधं विमान आहे त्यांच्यासाठी, पायपर जे-३ कब किंवा एरॉन्का ७एसी चँप असेल तर त्यातल्या बहुतेकांना कारखान्यातून इलेक्ट्रिकल सिस्टीमच नव्हती. तिथे पॅनलवर तारेचा दिवा दिसला की तो नंतरचा, वायर बघायची पण गरज नाही. आपल्या एचएएलच्या पुष्पकची मालिका, जी १९५८ मध्ये पहिल्यांदा उडाली, ती एरॉन्का चीफच्याच घराण्यातली, तिथे प्रत्येक विमानाची कागदं बघूनच बोला, कारण फ्लाइंग क्लबांत पुष्पकांनी फार कष्ट काढले आहेत आणि ज्याला जे मिळालं ते त्यानं लावलं आहे. त्या काळात बाहेरून पार्ट मागवणं म्हणजे परवानग्या आणि महिनोन्‌महिने वाट, तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डचा होल्डर विमानात सापडला तर त्या माणसाला नावं ठेवायच्या आधी हे आठवा. त्याला विद्यार्थ्याला रात्री उडवायचं होतं.

आता कागद. मी कागद शेवटी घेतो कारण आधी विमान वाचलं की कागदात काय शोधायचं ते कळतं. पहिलं इक्विपमेंट लिस्ट, जी वेट अँड बॅलन्सच्या, म्हणजे विमानाचं वजन आणि तोल यांच्या कागदासोबत असते. विमान अमेरिकेतून थेट भारतात आलं असेल तर सोबत एक्स्पोर्ट सर्टिफिकेट आणि तेव्हाची लिस्ट असायला पाहिजे, तीत लाइटचं ऑप्शन वजनासकट लिहिलेलं असेल तर सगळा वाद मिटला. दुसरं, पार्ट्स कॅटलॉग, तुमच्याच वर्षाचा, आणि त्यात सिरियल नंबर कुठून कुठपर्यंत लागू आहे तो रकाना. कॅटलॉगमध्ये दिवा दिसला एवढ्यावर थांबू नका, तो तुमच्या सिरियलला लागू आहे का ते वाचा. तिसरं, टाइप सर्टिफिकेट डेटा शीट, म्हणजे त्या मॉडेलच्या सरकारी मंजुरीचा कागद, १७२ साठी ३ए१२, त्यात दिव्यांचं फार काही मिळणार नाही, पण कब आणि चँपच्या काळातल्या जुन्या शीटमध्ये सगळं इक्विपमेंट वजनासकट नंबर देऊन लिहिलेलं असायचं, तिथे ते खूप उपयोगी. विमान आधी अमेरिकन रजिस्टरवर होतं असेल तर त्याचा जुना एन नंबर, म्हणजे अमेरिकन रजिस्ट्रेशन नंबर शोधा, ओक्लाहोमा सिटीला एफएएकडे म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याकडे त्याची फाइल असते आणि मोठ्या बदलांचे ३३७ नंबरचे फॉर्म त्यात सापडतात.

आणि लॉगबुक. लॉगबुकात "पोस्ट लाइट बसवले" असं कोणी लिहिलेलं सापडेल या आशेवर राहू नका, असं सरळ क्वचितच लिहितात. कंपास स्विंग, म्हणजे विमान वेगवेगळ्या दिशांना फिरवून कंपासची चूक मोजणं, कधी कधी केला त्या तारखा काढा. पॅनलमध्ये काही इलेक्ट्रिकल काम झालं की कंपास परत तपासावा लागतो, आणि ती नोंद बहुतेक वेळा असते. म्हणजे दोन ठरलेल्या वेळांच्या मधेच अचानक एक स्विंग दिसला, तर त्या महिन्यातलं पान आणि त्याच्या मागची-पुढची चार पानं बारकाईनं वाचा. मला असे दोन वेळा दिवे सापडले आहेत, एकदा फक्त "पॅनल वायरिंग रेक्टिफाइड" एवढ्या तीन शब्दांत. कंपासजवळच्या डेव्हिएशन कार्डावरची, म्हणजे ती चूक लिहून ठेवलेल्या चिठ्ठीवरची तारीख पण बघा, ती नोंदीशी जुळते का.

कागद हरवले असतील तर माणसं शोधा. या विमानावर कोणीतरी पहिलं सोलो, म्हणजे एकट्यानं पहिलं उड्डाण, केलं असेल, आणि सोलो केलेला माणूस कॉकपिटमध्ये बसून फोटो काढतोच. धरमपेठ, सिव्हिल लाइन्स, कुठे कुठे जुने पायलट आहेत, त्यांच्या घरच्या अल्बममध्ये तुमच्या पॅनलचा फोटो असू शकतो. रजिस्ट्रेशनची अक्षरं सांगा, विमान त्यांना नावानिशी आठवतं. एका फोटोनं जे काम होतं ते दहा इंजिनिअरांच्या मतानं होत नाही, आणि अशा माणसांकडे जायला उशीर करू नका.

समजा शेवटी निघालं की पोस्ट लाइट नंतरचे आहेत. तरी लगेच काढू नका. ते १९६८ ला बसवले असतील आणि पुढे कित्येक वर्षं रात्री पोरांनी त्याच उजेडात शिकून लायसन्स काढलं असेल, तर तोही या विमानाचा इतिहास आहे, माझं मत विचाराल तर काळाला धरून असलेलं, नीट केलेलं काम मी राहू देतो, त्याची नोंद करतो आणि फक्त धोक्याचं तेवढं बदलतो. तुमच्या बाबतीत धोक्याचं म्हणजे तो तापणारा ऱ्हिओस्टॅट. पण तुम्हाला पूर्ण कारखान्यासारखंच पाहिजे असेल तर काढलेली प्रत्येक वस्तू चिठ्ठी लावून डब्यात ठेवा, वायर कापायची नाही, टर्मिनलपासून सोडवायची. आणि विमान पुढे उडवायचं असेल तर यातलं काहीच स्वतःच्या हातानं नको, सीएआर-६६ या डीजीसीएच्या नियमाखालचं योग्य कॅटेगरीचं लायसन्स असलेल्या इंजिनिअरनं मान्य डेटावरून करायचं आणि सही करायची. नुसतं प्रदर्शनात ठेवायचं असेल तरी मी म्हणेन तसंच करा, उद्या कोणाला उडवावंसं वाटलं तर.

आता तुमच्याकडून मला चार गोष्टी पाहिजे. फायरवॉलजवळच्या सावलीतल्या वायरचा जवळून फोटो, ज्यात छापलेलं वाचता येईल. बाराही दिव्यांतल्या बल्बचे नंबर. फ्यूजच्या पट्टीची मागची बाजू. आणि ऱ्हिओस्टॅटच्या मागचे आकडे, ते मात्र पुसायच्या किंवा सॉल्व्हंट लावायच्या आधी, कोरड्या ब्रशनं धूळ झटकून, तिरप्या उजेडात, कारण ती शाई एका पुसण्यात जाते.